शिकलेल्या घरांत नाही

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच — तिला कोणत्या तोंडाने सांगू? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलते आहे.

मी मानसोपचारतज्ज्ञ. पुण्यात शिकले, आता कॉर्क या आयरिश शहरातल्या एका सरकारी हॉस्पिटलात आहे. कामात चोख समजतात मला. समजू देत.

दोन वर्षांपूर्वी कोर्टाने इसाबेल नावाच्या बाईला तपासणीसाठी आमच्याकडे पाठवलं. होंडुरासच्या किनाऱ्यावरची, गारिफुना समाजातली — आफ्रिकेतून आलेले आणि त्या समुद्रातल्या बेटांवरचे मूळ रहिवासी, दोघांचंही रक्त या लोकांत आहे. इथे एका वृद्धाश्रमात काम करायची. एका दुपारी तिच्या अंगात तिची वारलेली आजी आली. फ्लॅटमध्ये मोठमोठ्याने गाणं, पाय आपटणं. शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले. एका पोलिसाने तिचा दंड धरला, तिने ढकललं, तो जिन्यात पडला आणि त्याचं मनगट मोडलं.

न्यायाधीशबाई समजूतदार होत्या. डब्लिनमधली एक वयस्क गारिफुना बाई इसाबेलला आपल्या घरी ठेवून घ्यायला, आजीचा विधी पुरा करून द्यायला तयार होती. आठवड्यातून एकदा आमच्याकडे समुपदेशन, आणि खटला थांबणार. फक्त डॉक्टरांनी लिहून द्यायचं होतं की हे वेड नाही, हिच्या लोकांची रीत आहे. वेड ठरलं तर बंद वॉर्ड.

मी तिला तपासलं. झोप, भूक, बोलणं — सगळं जागच्या जागी. मग मी विचारलं, आजीला काय हवं होतं? ती चमकली. म्हणाली, आजीला जेवण हवं होतं, आपल्या माणसांत बसून. इतक्या दिवसांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. मला तरी कुठून सुचलं? पुस्तकातून?

आमच्या घरी अष्टमीला महालक्ष्मीपुढे घागरी फुंकतात. फुंकता फुंकता आईच्या अंगात येतं. माझी आई — जन्मभर शाळेत गणित शिकवलेली. केस सुटतात, आवाज बदलतो, आणि सोसायटीतले इंजिनिअर हात जोडून तिला मुलांच्या व्हिसाचं विचारतात. थोड्या वेळाने ती चूळ भरते, अंबाडा घालते आणि सगळ्यांना कॉफी करते. तिला कधी मी गोळ्या दिल्या?

अहवालाच्या बैठकीत आमच्या वरिष्ठांनी — आयरिश, सज्जन माणूस — खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारलं, "तुमच्याकडेही असतं ना असं? घरी पाहिलंय तुम्ही?"

सहा जण माझ्याकडे बघत होते. पुढच्या महिन्यात माझी बढतीची मुलाखत होती — पण ते कारण नव्हे, आता तरी खोटं कशाला बोलू? मला लाज वाटली. आईची. केस सोडून घुमणारी आई यांना दिसली, तर मी यांच्यातली राहणार नाही, असं वाटलं.

"शिकलेल्या घरांत नाही," मी म्हणाले.

"ग्रँड," ते म्हणाले — इथे 'ठीक आहे'ला असंच म्हणतात — आणि त्यांनी पान उलटलं. रीत म्हणायला आधार उरला नाही; अहवालात मनोविकार लिहिला गेला. खाली माझी सही आहे.

इसाबेल पाच महिने वॉर्डात होती. नोकरी गेली. डब्लिनची ती बाई दोनदा आजीसाठी जेवण घेऊन आली, बसने, मांडीवर डबा धरून. बाहेरचं अन्न आत चालत नाही, असं तिला दारातच सांगितलं. ते सांगणारीही मीच.

सोडायच्या दिवशी इंजेक्शनांनी इसाबेलचे हात थरथरत होते. माझ्यावर तिचा राग नव्हता. बैठकीत काय झालं, हे तिला कुठे ठाऊक होतं?

"आजी आता येत नाही," ती म्हणाली. "मी हाका मारते. नाही येत."

मी फाइलमध्ये लिहिलं — लक्षणं थांबली आहेत.