बेटावरची कांदाचाळ

नव्वदच्या दशकात नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या कंपनीने मला जनरेटर दुरुस्त करायला अंदमानातल्या एका लहानशा बेटावर पाठवलं होतं. गावाभोवती घनदाट जंगल, पलीकडे समुद्र, आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. तिथल्या एका किराणा दुकानामागे बांबूच्या पट्ट्यांची, जमिनीपासून हातभर उंच, वारा खेळता राहावा म्हणून दोन्ही अंगांनी उघडी कांदाचाळ दिसली आणि मी थबकलोच. आपल्या बागलाणात शेताशेतात असते, अगदी तशी.

दुकानदाराने माझ्या बोलण्यावरून ओळखलं. "नाशिकना शेतस का?" म्हणाला. तो बागलाणातल्याच नामपूरकडचा. पोटासाठी आला आणि तिथेच राहिला. बोलताना त्याचे हात चाळीत फिरत होते. कांदा उचलायचा, नाकाशी न्यायचा, सडका बाजूला टाकायचा. सडकेच जास्त निघत होते.

"या हवेत टिकतात का हो?" मी विचारलं.

"टिकतस नही," तो शांतपणे म्हणाला. "पन कांदा शे, मंग चाळ नको का?"

निघताना वाटलं, गावाकडे काही निरोप देईल. त्याने एवढंच विचारलं, "तिकडे वारा सुटना का?"

मला आठवेना. आम्ही शहरातले, वाऱ्याकडे कोण बघतं? "सुटला असेल," म्हणालो. चाळीतला त्याचा हात जरा थांबला.

आता मी निवृत्त झालोय. संध्याकाळी गच्चीवरचे कपडे फडफडायला लागले की बायको ते काढायला धावते आणि मी म्हणतो, "सुटला." कोणाला सांगता, हे विचारायचं तिने कधीच सोडून दिलंय.