मावशींच्या हातातला दोरा

"टिटॅनस. म्हणजे धनुर्वात," महाडच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. मला शिवी द्यायची होती, पण तोंड उघडेना. दातखीळ बसली होती. डॉक्टर त्याला लॉकजॉ म्हणतात.

नऊ दिवसांपूर्वी कापडे गावात एका घराच्या स्लॅबखालचं सेंट्रिंग, म्हणजे फळ्यांचा साचा, खोलताना फळीतला गंजका खिळा पायात घुसला होता. माझी बायको मार्था म्हणाली, सुई मारून घ्या. मी तिच्यावरच डाफरलो. लग्नानंतर तिच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून तिथले पाळक सांगत आले होते, "देवानं तुला निवडलंय." मी माझ्या सोयीचा अर्थ लावला. "निवडलेल्या माणसाला खिळा काय करतो गो?" म्हणत जखमेत हळद भरली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. कसली ही अक्कल!

या आजारात आवाज, उजेड, स्पर्श, कशानेही झटका येतो. त्याला स्पाझम म्हणतात. अंगाची कमान होते, टाचा आणि डोकं तेवढं गादीला टेकलेलं. शुद्ध मात्र शाबूत असते, हे आधी कोणी सांगत नाही. घरून, पोलादपूरहून महाडला आणताना हायवेवर ट्रकचा हॉर्न वाजला की मी वाकत होतो.

इम्युनोग्लोब्युलिन दिलं, म्हणजे विष मारणारं औषध. पाय चिरून साफ केला. खोलीत अंधार, दारावर पाटी: बोलू नये.

तिसऱ्या दिवशी मार्था औषधं आणायला गेली आणि पाळक पाच जणांना घेऊन आत आले. माझ्या छातीवर, पायांवर हात ठेवून त्यांनी मोठ्यानं प्रार्थना सुरू केली. मी वाकलो. त्यांना वाटलं, सैतान निघतोय. ते आणखी ओरडले, मी आणखी वाकलो. पाठीत काहीतरी कडकन मोडलं. जीभ दातांखाली सापडली, तोंडात रक्त, श्वास बंद. देवाशपथ सांगतो, हात चालत असते तर मी पाळकांचा गळा आवळला असता.

तेवढ्यात वॉर्डातल्या आया, मंदामावशी, धावत आल्या. तोंडातून शब्द नाही. पाळकांची कॉलर धरली, फरफटत दाराबाहेर नेलं आणि बाहेर कुजबुजल्यागत म्हणाल्या, "मारताय काय रे त्याला?"

डॉक्टरांनी गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी घातली. ती ट्रॅकिओस्टॉमी. दोन मणके मोडले होते.

मावशी खोलीत अनवाणी यायच्या. एकदा चादर बदलताना त्यांच्या बांगड्या वाजल्या आणि मला झटका आला. दुसऱ्या दिवशी मनगटं रिकामी. तिथं हळदीत बुडवलेला दोरा बांधलेला. नवरा जिवंत असताना बाईनं बांगड्या उतरवायच्या, आणि त्याही माझ्यासारख्या परक्यासाठी! मार्थानं हळूच विचारलं, "मावशी, घरी चालतं?"

"सासू शिव्या घालते. घालू दे. दोऱ्यानं भागतंय."

चार आठवडे तो दोरा मी पाहिला. पडल्या पडल्या मला लाज वाटायची. देवानं सगळ्यात आधी ज्याला निवडलं त्याच्याच हातापायांत क्रुसावर खिळे ठोकले गेले. हे मी दर रविवारी ऐकत होतो, आणि तरी निवडणं म्हणजे आपल्याला चिलखत मिळालं असं समजून बसलो होतो.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "एकदा झाला म्हणून परत होणार नाही असं नाही. बाकीच्यांसारखेच तुम्हालाही डोस घ्यावे लागतील. पहिला भरती होताच दिलाय, दुसरा आता लगेच घ्या."

पाळकांनी मंडळीत साक्ष द्यायला, देवानं कसं वाचवलं ते सांगायला, उभं केलं. मी म्हणालो, "तुमच्या प्रार्थनेनं मी मरत होतो. त्या खोलीत देवानं जिला निवडलं, ती आपल्या मंडळीत येत नाय." पाळक खाली बघत म्हणाले, "चुकलो रे." मी म्हणालो, "मीपण चुकलो. खिळा लागला तर आधी दवाखाना गाठा, प्रार्थना वाटेत करा."

मग मार्था आणि मी हिरव्या बांगड्या घेऊन मावशींच्या घरी गेलो.

"मला बांगड्या आणणारा तू कोण रे? माझा नवरा हाय अजून!" मावशी खेकसल्या. पण हात मार्थापुढे केला. मार्थानं दोरा सोडून बांगड्या भरल्या.

"दुसरी सुई मारलीस?"

"उद्या मारतो."

"उद्या?" मावशींनी माझ्या दंडावर सणसणीत धपाटा घातला. सगळ्या बांगड्या खळखळून वाजल्या. झटका आला नाही. मी तसाच ताठ उभा राहिलो आणि रडायला लागलो.