त्या रविवारी मी उठले नाही

काल नातीच्या शाळेत गेले होते. इथे अमेरिकेत, आमच्या कॅरी गावाजवळच ती क्वेकर शाळा आहे. सगळी मुलं बाकांवर गप्प बसली. "आजी, नो टॉकिंग हं," नात कानात म्हणाली. बाकांना जवसाच्या तेलाचा वास येत होता आणि मी एकदम लहानपणीच्या आमच्या मुलींच्या बोर्डिंगात जाऊन बसले.

आम्हीही क्वेकर, ख्रिस्ती लोकांतलाच एक पंथ. आमच्या रविवारच्या सभेत पाद्री नसे, गाणं नसे. सगळ्यांनी शांत बसायचं आणि ज्याला आतून काही सांगावंसं वाटेल त्याने उठून बोलायचं, मग ती लहान मुलगी का असेना. शेवटी मोठ्या बाई शेजारणीचा हात हातात घ्यायच्या, की सभा संपली.

त्या रविवारी बाबा मला न्यायला आले होते. "चौथी झाली, पुष्कळ झालं. घरी धाकट्यांना कोण बघणार?" असं बाईंना सांगून तेही सभेत बसले. मला तर पुढे शिकायचं होतं. माझ्या एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला माझी मैत्रीण रूथ. रूथने कोपर मारलं, "ऊठ की गं, मुके! इथे तुला कोणी गप्प बस म्हणणार नाही." कौलांवर कबुतरं घुमत होती. मी परकराची नाडी बोटाला गुंडाळत राहिले.

सभा फार लांबली. मुली चुळबुळू लागल्या, तरी बाईंचा हात पुढे येईना. तेव्हा वाटलं, बाईंना वेळेचं भान राहिलं नाही. आता कळतं, त्या माझ्यासाठी थांबल्या होत्या.