तुमसरला गेलेला रुमाल

मी बोलकी बाई. साकोलीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत मी तिच्या ब्लाउजचा गळा ठरवून मोकळी होते. आणि लेक मात्र न बोलणारी. चौदा वर्षांची आहे, स्वमग्न आहे. घरात आम्ही दोघीच. तिला कोणी काही विचारलं की उत्तर मी द्यायची. नाव काय, भूक लागली का, सगळं मीच सांगायची. मी आई, मला नाही कळणार तर कोणाला, असा तोरा होता माझा.

भंडाऱ्याला अशा मुलांच्या पालकांसाठी दर शनिवारी वर्ग भरतो, असं कळलं. मला वाटलं, लेकीला काही शिकवतील, तोवर मी बाकावर बसून चार ब्लाउजांना हुक लावून टाकीन. कसचं काय! पहिल्याच दिवशी तिथल्या मॅडमनी मलाच शिकवायला घेतलं. तिला काही विचारलं की मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं, तोवर तोंड उघडायचं नाही, म्हणाल्या. तिला शब्द जुळवायला वेळ लागतो आणि तुम्ही तो देतच नाही. असा राग आला म्हणता! चौदा वर्षं मी काढली, आणि ही कालची पोरगी मला आईपण शिकवणार. परतताना लाखनी येईपर्यंत मी बसमध्ये धुसफुसत होते.

पण खोटं कशाला बोलू, एक भीती मला दिवसभर पोखरायची. मी नसले तर हिच्या वतीने कोण बोलणार? त्या भीतीपायी मी एकही शनिवार चुकवला नाही.

घरी मोजणं सुरू झालं. चहा पाहिजे का, असं विचारायचं आणि गप्प बसायचं. चारवर आलं की माझी जीभ वळवळायची. पहिला महिनाभर सहाच्या पुढे एकदाही गेले नाही. लेकीपेक्षा तुम्हालाच अभ्यास जास्त आहे, असं मॅडम हसून म्हणाल्या, आणि त्यांचं खरंच होतं. दुसऱ्या महिन्यात एकदा कशीबशी नऊवर पोचले, आणि लेक म्हणाली, "चहा." मी मशीनवर डोकं टेकवून रडले. चहा उतू गेला तो गेलाच.

मग मॅडमनी प्रवासाची कार्डं करायला सांगितली, म्हणजे पुढे काय होणार ते तिला आधीच दिसेल. मी लाल एसटीचा झकास फोटो काढला, लॅमिनेशन करून आणलं. पुढच्या शनिवारी नेमकी पांढरी बस आली. ही चढेचना. कार्डावर लाल होती ना! एका माणसाने एक थोबाडीत द्यायचा सल्ला दिला, तर मी त्याची भर स्टँडवर खरडपट्टी काढली. लाल बस यायला तास लागला. चूक माझीच होती. मग मी फोटोच काढून टाकला आणि पाटीवर असतात तशी ठळक अक्षरं लिहिली. जायच्या कार्डावर भंडारा, यायच्या कार्डावर साकोली. रोज सकाळी ती त्यांवरून बोट फिरवायची.

यंदा ऐन लग्नसराईत वर्ग सुटला आणि आम्ही भंडाऱ्याच्या स्टँडवर आलो, तर मुंगी शिरायला जागा नाही. साकोलीच्या फलाटावर गाडी लागली. आमच्याकडे गर्दीत चढायची एक रीत आहे. आधी खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा. रुमाल ज्याचा, सीट त्याची. मी रुमाल टाकला, पदर खोचला, कोपरं मारत आत घुसले. एक बाई माझ्या रुमालावर बसतच होती, तिला भांडून उठवलं. जिंकले, आणि मागे वळून पाहते तर लेक नाही. 

ती खाली फलाटावर उभी होती, कार्ड घेऊन. मी दारातून उडीच टाकली. "काहून उभी आहेस इथं? चाल, जागा जाऊन राहिली ना!" ती जागची हलली नाही. मी हात धरून ओढणारच होते, पण थांबले आणि मोजायला लागले. तीन. कंडक्टरने घंटी दिली. पाच. ती बाई माझ्या सीटवर बसली, वर माझ्याकडे बघून हसली. सात. आठवर लेकीने कार्ड उचलून गाडीच्या पाटीसमोर धरलं.

"नाही," ती म्हणाली.

जन्मात पहिल्यांदा तिने मला तोंडाने नाही म्हटलं. मी पाटी वाचली. तुमसर. तीस वर्षं एसटीने फिरते मी, फलाट पाहून चढते. पाटी वाचायची मला कधी गरजच वाटली नव्हती.

गाडी माझा रुमाल घेऊन तुमसरला गेली. साकोलीची बस पलीकडच्या टोकाला लागली होती, ती लेकीनेच शोधली. कार्ड पुढे धरून ती चालली आणि मी तिच्यामागून. आम्हाला जागा मिळाली नाही, उभ्यानेच निघालो. कंडक्टर आला आणि कुठे जायचं म्हणून त्याने तिलाच विचारलं. उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर होतं. मी ओठ घट्ट मिटले आणि मोजायला लागले. कंडक्टर एकदा माझ्याकडे बघे, एकदा तिच्याकडे.

"साकोली," लेक म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "दोन."