‘असा प्रश्न आमच्याकडे नाही’

मिनिट्स माझ्या हातात आली तेव्हा मीटिंग सुरूसुद्धा झाली नव्हती.

नायगाव पूर्वेच्या त्या चर्चच्या हॉलमध्ये मी पंख्याखालची खुर्ची शोधून वही उघडत होते. सेक्रेटरी गायकवाडसाहेबांनी टाइप केलेली दोन पानं पुढे ठेवली. कोण काय बोललं, ठराव कुणी मांडला, अनुमोदन कुणाचं, सभेचं अख्खं इतिवृत्त तयार.

“परेरा मॅडम, तुम्हाला त्रास नको म्हणून,” ते म्हणाले. “तुम्ही नुसतं बसा आणि शेवटी सही करा.”

“मग मला बोलावलं कशाला?”

“वरून आदेश आहे. स्टेनोचाच रिपोर्ट पाहिजे त्यांना.”

मी फोर्टात एका वकिलाच्या ऑफिसात वीस वर्षं स्टेनोग्राफर होते. माणूस बोलतो ते शब्द न् शब्द शॉर्टहँडमध्ये, म्हणजे रेघा-टिंबांच्या लिपीत, उतरवायचं आणि मग टाइप करायचं. रविवारी अशी बाहेरची कामं घेत असे. मी वसईतल्या वाडीची, कॅथलिक. हे चर्च प्रॉटेस्टंट. इथली बरीच कुटुंबं मूळची नगर-सोलापूरकडची, फ्लॅट परवडतो म्हणून मुंबईहून इकडे आलेली. त्यांच्या वादात माझं कुणी नव्हतं. मला बोलावलं ते त्यामुळेच असावं.

वाद असा होता. त्यांच्याच पंथाच्या परदेशातल्या एका चर्चने पुरुषाचं पुरुषाशी आणि बाईचं बाईशी लग्न लावायला परवानगी दिली होती. दोन हजार सालानंतर अशा बातम्या यायला लागल्या होत्या. त्यावर इथल्या वरिष्ठ सभेने प्रत्येक मंडळीचं, म्हणजे चर्चच्या सभासदांचं, मत लेखी मागवलं. गायकवाडांच्या कागदावर उत्तराची तीन वाक्यं होती. विवाह स्त्री-पुरुषाचाच. त्या चर्चशी संबंध तोडावेत. आणि तिसरं, ‘आमच्या मंडळीत असा प्रश्न नाही.’

पहिल्या वाक्यावर शास्त्रातली वचनं वाचली गेली. विरोध कुणी केला नाही, एकदोघं खाली बघत राहिले. दुसऱ्यावर मात्र हॉल तापला.

“आपल्या आजोबांना वाचायला शिकवलं ते त्याच चर्चच्या माणसांनी,” एक तरुण उठून म्हणाला. “आता त्यांच्याशी बोलायचं पण नाही?”

“शिकवलं म्हणून काहीही मान्य करायचं का?” मागून आवाज आला.

पाळकसाहेब अध्यक्ष होते. पाळक म्हणजे त्यांचे धर्मगुरू. मवाळ माणूस, सगळ्यांचं ऐकून घेणारा. दोन्ही बाजू बोलून दमल्यावर गायकवाड म्हणाले, “तिसऱ्यावर चर्चा नको. ते तर सगळ्यांना मान्यच आहे.”

तेव्हा सुमतीबाई साळवे उभ्या राहिल्या. म्युनिसिपालिटीच्या शाळेतून रिटायर झालेल्या बाई. रविवारच्या शाळेत, म्हणजे जिथे मुलांना बायबलच्या गोष्टी शिकवतात तिथे, हॉलमधली निम्मी तरुण मंडळी त्यांच्या हाताखाली शिकलेली.

“तिसरं वाक्य खरं नाही,” बाई म्हणाल्या. “माझा संजय सात वर्षं पुण्यात विनयबरोबर राहतो. रूम पार्टनर म्हणून नव्हे. त्याने मला सांगितलं तेव्हा मी दोन महिने त्याच्याशी बोलले नाही. नंतर म्हटलं, इकडे चर्चला येऊ नकोस. तुम्हा लोकांसमोर लाज वाटेल म्हणून. तो आला नाही. त्यांचं लग्न लावा असं मी म्हणत नाही. माझं मलाच अजून कळत नाही. पण प्रश्न नाही असं लिहिलंत, तर माझा मुलगाच नाही असं होतं.”

त्या बसल्या. हॉलची झाडलोट करणारी, जवळच्या जूचंद्र गावची पार्वती तेवढी पुढे आली आणि पेला धरून म्हणाली, “बाय, पानी घे जरा.”

गायकवाड माझ्या कानाशी वाकले. “मॅडम, हे घेऊ नका. बाईंच्याच भल्याचं सांगतोय. उद्या लोक बोलतील.”

“घेऊन झालंय.”

“मग काढा.”

“तुमच्या सांगण्यावरून नाही काढता येत. अध्यक्षांनी सांगितलं तर काढेन. पण अध्यक्षांच्या सांगण्यावरून काढलं, असं त्या जागी लिहावं लागेल.”

हे पाळकसाहेबांना ऐकू गेलं. ते माझ्याकडे बघत म्हणाले, “काय लिहिलंय ते वाचा.”

याला आम्ही ‘रीड बॅक’ म्हणतो. बोललेलं परत वाचून दाखवायचं, सपाट आवाजात. बोलणारा रडला असेल तरी स्टेनोने रडायचं नसतं. मी वाचायला लागले. ‘तुम्हा लोकांसमोर लाज वाटेल म्हणून’ इथे माझा आवाज भरून आला. वीस वर्षांत पहिल्यांदाच. मला माझाच राग आला. थांबले, घसा साफ केला, ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं. त्यामुळे त्यांना ते दोनदा ऐकावं लागलं.

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. “बाई, संजयचं नाव तरी गाळू या का?”

“पंधराव्या वर्षी त्याने इथे बाप्तिस्मा घेतला,” सुमतीबाई म्हणाल्या. “त्या कपाटातल्या रजिस्टरमध्ये त्याचं नाव आहे. तिथे चालतं, मग इथे का नको?”

मग हात वर झाले. पहिलं वाक्य पास झालं. दुसरं थोडक्यात पडलं, संबंध राहिले. तिसरं गाळायचं ठरलं. ते गाळण्यासाठी शेवटचा हात गायकवाडांचा वर झाला, हेही मी पाहिलं. टाइप केलेली दोन पानं त्यांनी घडी करून खिशात घातली.

पुढच्या महिन्यात मला पुन्हा बोलावलं. आधीची मिनिट्स वाचून कायम करतात, त्यासाठी. बाईंचं म्हणणं मी वाचलं, कुणी हरकत घेतली नाही. पण त्या दिवशीच्या विषयांत एक ओळ होती, ‘सुमतीबाईंना त्यांच्या विनंतीवरून रविवारच्या शाळेतून मुक्त करणे.’

मी पेन्सिल थांबवली. “बाई, तुम्ही विनंती केली होती?”

“नाही.”

मी लिहिलं, ‘विनंती नव्हती.’ याहून जास्त माझ्या हातात नव्हतं. बाईंची शाळा गेलीच. त्या दिवशी घरी जाईपर्यंत मी मनातल्या मनात गायकवाडांशी भांडत होते.

बाईंनी मात्र माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, पहिल्या मीटिंगच्या त्या पानाची झेरॉक्स. ती त्यांनी पुण्याला पाठवली. काही आठवड्यांनी वसईच्या बाजारात भेटल्या, हातात केळ्यांचा घड.

“पोचली का?” मी विचारलं.

“पोचली. त्याचा फोन आला होता.”

“काय म्हणाला?”

“म्हणाला, आई, कागद माझ्या हातात आहे. पण तू वाच. तुझ्या तोंडून ऐकायचंय.” बाईंनी केळी या हातातून त्या हातात घेतली. “पाठच होतं मला. तुम्ही दोनदा वाचलं होतं ना.”

आता मीही रिटायर झाले. या सगळ्यातून मी काय शिकले असं कुणी विचारलं, तर एवढंच सांगते: मिनिट्स मीटिंग झाल्यावर टाइप करावीत.