देव न मानणारी स्वयंपाकीण

वेल्समधल्या त्या डोंगराळ गावात चर्चवाल्यांच्या धर्मादाय संस्थेचं एक घर होतं. वयानं वाढलेली, मनानं पोरंच राहिलेली माणसं तिथं राहायची. नेस्टा प्रॉसर त्यांची स्वयंपाकीण. हाताला चव, जिभेला धार. देवाशी तिचं भांडण नव्हतं. तो तिच्या गावीच नव्हता. तसं कुणी कधी विचारलंही नव्हतं.

जेवणाआधी प्रार्थना व्हायची. ती संपली तरी त्यांच्यातला थोराड इडवाल चमचा उचलायचा नाही. नेस्टा मटणाच्या कालवणाचं पातेलं टेबलावर ठेवून म्हणायची, "खा रे राजांनो, गार होतंय." मग इडवाल मोठ्यांदा "आमेन" म्हणायचा आणि तुटून पडायचा.

पुढं कॉलिनसाहेब नवे व्यवस्थापक आले. त्यांनी फर्मान काढलं, नोकर सगळे श्रद्धावान हवेत, प्रार्थनाही त्यांनीच पाळीपाळीनं सांगायची.

"हो म्हणून टाक की," नेस्टाची बहीण ओल्वेन म्हणाली. ती रविवारचं चर्च न चुकवणारी. "चार शब्द तर बोलायचेत."

"ताई, देव नसेल तर बोलू कुणाशी? आणि असला, तर त्याच्या तोंडावर खोटं बोलू?"

"तुझ्या तोंडी लागणंच चूक!"

नेस्टाची नोकरी गेली. इडवाल धड जेवत नाही, असं कानावर आलं आणि तिच्याही घशाखाली घास उतरेना. तिनं कामगार न्यायालयात दाद मागितली, परत कामावर घ्या म्हणून. तिला तिथवर गाडीतून नेलं ते ओल्वेननंच, तोंड फुगवून.

"प्रार्थना हा कामाचाच भाग आहे," कॉलिनसाहेब म्हणाले.

"कधीपासून?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"मी... आल्यापासून."

मागं ओल्वेनला खोकला आला. हसू दाबायची ही तिची जुनी रीत.

निकाल नेस्टाच्या बाजूनं लागला. पाद्री आपल्या धर्माचा खुशाल निवडा, पण कालवण ढवळायला ती अट कशाला, असं बाईंनी सुनावलं.

परतल्या दिवशी प्रार्थना कॉलिनसाहेबांनीच सांगितली, चांगली लांबलचक. "आमेन" झालं. इडवाल हात मांडीवर ठेवून स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत बसला. त्याची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती.

"इडवाल, पाव तरी खा ना," साहेब म्हणाले.

इडवालनं ताटली बाजूला सारली.

साहेबांनी सुस्कारा सोडला. "नेस्टाबाई, या हो लवकर. म्हणा ते तुमचं."

नेस्टा पातेलं घेऊन आली. वाफेनं तिचे डोळे भरले होते, असं तिचं म्हणणं.

"खा रे राजा, गार होतंय."

"आमेन!" इडवाल ओरडला.