मिस्त्रीचा उलटा हात

मिस्त्री कोणत्याही वस्तूला आधी उलटा हात लावायचा. मिक्सर असो, पंखा असो, नाहीतर कोणाच्या दाराची लोखंडी कडी असो. आधी बोटांची मागची बाजू टेकवायची, थांबायचं, मग हात सरळ करायचा. कळंबमध्ये त्याला ‘उलटहात्या’ म्हणायचे. टपरीवर लोक चहाच्या ग्लासालाही तसाच हात लावून त्याची नक्कल करायचे. तो चिडायचा नाही. म्हणायचा, "तळहातानं धरलं त करंट मूठ सोडू देत नाही. उलटा हात आपोआप झटकल्या जाते. हसा, पन शिका."

ही सवय त्याला पहिल्यापासून नव्हती. ती कधी लागली ते मला माहीत आहे, कारण ती माझ्या घरातून लागली.

एका मे महिन्यात त्याने आमच्याकडे कूलर बसवून दिला. तिसऱ्या दिवशी माझा नवरा चालू कूलरमध्ये बादलीने पाणी टाकायला गेला आणि पत्र्याला चिकटला. तो गेला. नंतर लोकांनी पाहिलं तर प्लगची तिसरी पिन, अर्थिंगची, कापलेली होती. मिस्त्रीने कापली, असं सगळं गाव म्हणालं. मी काही बोलले नाही. मिस्त्री मयतीला आला, कोपऱ्यात उभा राहिला आणि निघून गेला. त्यानंतर आठ वर्षं मी त्याच्या दुकानाची पायरी चढले नाही.

चढले ती नातीमुळे. प्रज्ञा माझ्या मुलाची मुलगी, यवतमाळला कॉलेजात. तिथल्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून तिने जुनी लाल इलेक्ट्रिक गिटार घेतली होती. जयंतीला विहारासमोर गाण्यांचा कार्यक्रम होता आणि तिला पहिल्यांदा स्टेजवर वाजवायला मिळणार होतं. पण वायर जोडली की गिटार घूंऽऽ करायची, विजेच्या डीपीजवळ उभं राहिल्यासारखी. एका मेकॅनिकने वायर बदलली, दुसऱ्याने आवाजाचं बटन बदललं. घूं तसंच. कार्यक्रम उद्यावर आला आणि पोरगी ताटावरून उठून गेली. मी गिटारीची पिशवी उचलली. म्हटलं, "चाल. एकच माणूस आहे."

मला पाहून मिस्त्री उभा राहिला. पाच-सहा पंखे, दोन टीव्ही, एक मोडका मिक्सर, त्यांच्यामधून त्याने स्टूल सरकवला. "बसा वयनी."

प्रज्ञा सांगू लागली, तर त्याने बोट वर केलं. "तू सांगू नोको. तिले सांगू दे." ही त्याची दुसरी सवय. बिघडलेली वस्तू तो आधी ऐकायचा. त्याने गिटार दुकानातल्या ॲम्प्लिफायरला, त्याच्या भाषेत डब्याला, जोडली आणि डोळे मिटून बसला. घूंऽऽ. मला वाटलं, झोपला की काय.

मग त्याने आवाजाचं बटन शून्यावर नेलं. घूं थांबलं. "म्हणजे डब्यात दोष नाही, वायरीतबी नाही. पोटात आहे." बटन परत वर नेलं आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने तारांखालच्या चुंबकांवर हलकेच वाजवलं. टक, टक. दोन्हीकडून आवाज आला. "हे बी जिवंत आहे." मग सगळ्या तारांवर उलटा हात ठेवला, आणि त्याच्या कपाळावर आठी पडली.

"हात लावला की घूं कमी व्हाले पायजे. होऊन नाही राह्यलं."

त्याने मागचं झाकण उघडलं. मीटरचं एक टोक तारांना लावलं, दुसरं आतल्या जोडाला. मीटर गप्प, म्हणजे जोड नाही. बारीक चिमट्याने त्याने तारांकडून येणारी एक काळी वायर बाहेर ओढली. तिच्या टोकाकडे पाहून तो एकदम थांबला.

"तुटली नाही हे," तो म्हणाला. "कापली आहे."

"मग जोडा ना काका," प्रज्ञा म्हणाली. "दोन मिनिटांचं काम."

सोल्डरिंगची गन तापली होती. मिस्त्रीने ती खाली ठेवली. "ज्यानं कापली त्यानं काहून कापली, ते समजल्याशिवाय जोडत नाही. ह्या तारेनं कोनाले तरी झटका बसला असन, बाई. डब्यात करंट उतरला की याच वायरीतून तुह्या बोटापर्यंत येते. त्यानं करंट कुठून येते ते पाह्यलं नाही. रस्ताच कापून टाकला." आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्यांकडे पाहत राहिले.

शेवटी त्याने वायर जोडली, पण एका अटीवर. तो येऊन स्टेजवरचा डबा तपासेपर्यंत प्रज्ञाने गिटार कशालाही लावायची नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विहारासमोर खुर्च्या भरल्या होत्या. धूळ बसावी म्हणून जमिनीवर भरपूर पाणी शिंपडलं होतं. गाणारे सगळे चपला काढून उभे होते, प्रज्ञाही. गळ्यात गिटार, ओठांसमोर माइक. मिस्त्री घाईने आला आणि साउंडवाल्याच्या डब्याला उलटा हात लावला. हात असा झटकला की बाजूचं टेबल हललं.

त्याने प्लग उपसून वर धरला. तिसरी पिन कापलेली.

साउंडवाला हसला. "एवढंसं झिनझिनते, मिस्त्री. इतके वर्ष झाले, कोनाले काय झालं?"

"ओल्यात अनवानी पाय, बोटं तारेवर, ओठ माइकले. अशी उभी होती कोनी?"

"मग गिटारीतली ते वायर कापून टाका परत! लोक बसून आहे, पाहुणे आले."

कार्यकर्ते घड्याळ दाखवू लागले. प्रज्ञाच रडवेली होऊन म्हणाली, "काका, कापा. घूं झालं तर होऊ द्या."

मिस्त्रीच्या हातात प्लास होता, तार कापायची पक्कड. तो माझ्याकडे वळला. "वयनी, तुमी सांगा."

हेच शब्द मी आधी ऐकले होते. कूलर बसवला त्या दुपारी तो म्हणाला होता, "भिंतीत अर्थिंग नाही, बोर्डाले दोनच भोकं. चार दिवसांत वायर ओढून देतो. तोवर चालवू नोका. वयनी, तुमी सांगा." आणि मी सांगितलं होतं, "उनानं जीव चालला. कापा ते पिन." माझा नवरा घरात नव्हता. ऐकणारे आम्ही दोघंच होतो.

"कापाची नाही," मी म्हणाले. मग मोठ्याने म्हणाले, कारण खुर्च्यांवर सगळं गाव होतं. "माह्या घरची पिन कापाले मीच सांगतलं होतं. हा नाही म्हनत होता. आज कोनी काही कापाचं नाही. कार्यक्रम थांबवा."

साउंडवाल्याने स्वतःच डब्याचं झाकण उघडलं.

सव्वा तास गेला. डब्याच्या आत एका वायरीचं सालपट निघून ती पत्र्याला टेकत होती. मिस्त्रीने ती बदलली, तीन पिनांचा प्लग लावला, विहाराच्या मीटरजवळच्या अर्थिंगपासून वायर ओढली. अर्धे लोक उठून जेवायला गेले. पाहुणे एक गाणं न ऐकताच निघाले. शेवटी त्याने डब्याला उलटा हात लावला, तारांना लावला, माइकला लावला, आणि सगळं पुन्हा एकदा. मग प्रज्ञाला म्हणाला, "आता तू लाव. उलटा." तिने लावला. मी उभीच राहिले. घूं झालं नाही. पोरगी वाजवू लागली. पहिल्या गाण्यात दोनदा चुकली.

परत जाताना मी मिस्त्रीला म्हटलं, "आठ वर्ष गावाले काहून नाही सांगतलं?"

तो म्हणाला, "सांगून काय होते? सांगनारा सांगते, वयनी. प्लास माह्या हातात होता."

त्याला बरं वाटावं म्हणून मी बोलले नव्हते, आणि त्याला बरं वाटलंही नाही.

दोन वर्षांनी काविळीने तो गेला. दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. प्रज्ञा नागपूरला असते, कार्यक्रमांत वाजवते, गिटार तीच. स्टेजवर चढण्याआधी तिचा फोन येतो. कशी आहेस वगैरे विचारत नाही. एवढंच म्हणते, "आजी, पिन आहे. उलटा हात लावून पाहिला."

मग मी ताट वाढून घेते.